चिप बदलली, सेल बदलला, तरी गेमबॉयचं सेव्ह उडतंच

गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. त्याच्या कॅसेटमधला जुना सेल काढून नवा टाकला, किंवा सेलची कटकटच नको म्हणून एसरॅमच्या (सेलवर सेव्ह धरणाऱ्या मेमरी चिपच्या) जागी एफआरॅम (सेलशिवाय सेव्ह धरणारी) बसवली. काही दिवस सगळं झकास चाललं आणि मग एका संध्याकाळी पडद्यावर ‘न्यू गेम’शिवाय काहीच नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा सोल्डर मारलं, पुन्हा चाललं, पुन्हा गेलं. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, वाशी या पट्ट्यातल्या हौशी मंडळींकडून माझ्याकडे ज्या कॅसेट येतात, त्यातल्या बहुतेकींचं दुखणं हेच असतं. आणि येईपर्यंत मालकाने चिपलाच शिव्या घालून ती एकदा तरी बदललेली असते.

माझं म्हणणं एवढंच की चिप शेवटी. आधी सेव्ह जातं कसं ते बघा. सगळं जातं की थोडंच? गेम बंद करताना जातं की कॅसेट कपाटात पडून असताना? गेलेलं कधी आपोआप परत येतं का? या प्रश्नांची उत्तरं असली की नव्वद टक्के वेळा कॅसेट उघडायच्या आधीच कुठली पिन बघायची ते कळतं. उत्तरं नसतील तर तुम्ही नुसते पॅड, म्हणजे चिपचे पाय बोर्डावर जिथे सोल्डर होतात ते ठिपके, तापवत बसता, आणि तीस वर्षांपूर्वीच्या बोर्डाचे पॅड फार वेळा तापवून घेत नाहीत. उचकटतात.

आत काय काय असतं ते थोडक्यात. गेमबॉय आला १९८९ साली. त्याच्या सेव्हवाल्या कॅसेटमध्ये गेमचा रॉम असतो, मेमरीच्या बँका, म्हणजे भाग, बदलणारी एमबीसी नावाची चिप असते, सेव्ह ठेवायला ८ केबी किंवा ३२ केबीची एसरॅम असते आणि ती जिवंत ठेवायला ३ व्होल्टचा गोल सेल असतो. या चौघांकडे सगळे बघतात. पाचवी एक बारकी चिप असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. तिच्यावर एमएम१०२६ए, एमएम११३४ए, बीए६१२९ किंवा बीए६७३५ असलं काहीतरी छापलेलं असतं. सोसायटीच्या वॉचमनसारखं तिचं काम: गेमबॉयकडून येणारा ५ व्होल्टचा पुरवठा घसरायला लागला की रॅमचं गेट बंद करायचं आणि रॅमला सेलवर टाकायचं. पुढे मी तिला वॉचमन चिपच म्हणणार आहे, कारण या लेखातला निम्मा गोंधळ तिच्याभोवतीच आहे.

गेट बंद का करायचं? बटण बंद केल्यावर पुरवठा एका क्षणात शून्य होत नाही. काही मिलिसेकंद तो उतरत राहतो, आणि त्या उतारावर प्रोसेसरचा तोल जातो. तो वाटेल त्या पत्त्यावर वाटेल ते लिहू शकतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला लावायच्या कन्सोलच्या, सेलवाल्या गेममध्ये ‘रिसेट दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा’ अशी सूचना असायची ती याचसाठी. गेमबॉयला रिसेटचं बटणच नाही. तिथे सगळी भिस्त या बारक्या चिपवर. आपल्याकडच्या लहानपणच्या आठ-बिट कॅसेटना हा प्रश्नच नव्हता, कारण त्यातल्या बहुतेकींत सेव्हही नसायचं नि सेलही. काळा डांबरी ठिपका आणि ‘९९९ इन १’चं स्टिकर, संपलं.

उघडण्याआधी

स्क्रू ३.८ मिमीच्या गेमबिटने निघतात. पेनाचं प्लास्टिक वितळवून त्याचा पाना करणारे आहेत, चालतो तो एक-दोन स्क्रूंना, पण बिट काही महाग नाही, घेऊन टाका.

त्याआधी दोन गोष्टी. पहिली, सेव्हची प्रत काढून ठेवा. जीबीएक्सकार्टसारखा, कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारा रीडर आणि फ्लॅशजीबीएक्स हा प्रोग्राम असला की दोन मिनिटांचं काम आहे. ती प्रत नुसती जपून ठेवायला नाही, निदानालाही लागते. सेव्ह गेल्यानंतर पुन्हा एक प्रत काढा आणि दोन्ही फाइली हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) शेजारी ठेवा. सगळी फाइल भलत्याच कचऱ्याने भरलेली असेल तर रॅमचा पुरवठा तुटला होता. बाकी सगळं जसंच्या तसं आणि मध्येच चार-दोन बाइट बदललेले असतील तर बंद होताना कोणीतरी लिहून गेलंय. एकच मजकूर ८ केबी किंवा १६ केबीच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पत्त्याची एखादी लाइन तुटलेली आहे. चिपला हात न लावता एवढं कळतं.

दुसरी, ती कॅसेट दुसऱ्या गेमबॉयमध्ये चालवून बघा. जुन्या जाड राखाडी गेमबॉयच्या पॉवरच्या बटणात आतून काळपट थर चढतो. त्यामुळे पुरवठा मध्येच डुचकळतो, स्क्रीन क्षणभर चमकते आणि त्याच क्षणी सेव्ह चालू असेल तर बोंबला. तेव्हा दोष कॅसेटचा नसतोच. बटणात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून ते पंधरा-वीस वेळा मागेपुढे केलं की पुष्कळदा भागतं. सोनेरी पट्ट्या त्याच अल्कोहोलने आणि कापसाच्या काडीने पुसा. फुंकर नको. ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या हवेत पट्ट्यांना आधीच ओल पुरेशी मिळते, तोंडातली वाफ वर द्यायची गरज नाही.

कपाटात पडून राहिली की जातं

हे लक्षण फक्त एसरॅम आणि सेलवाल्या कॅसेटचं. खेळताना काही बिघडत नाही, रोज खेळलं तर सेव्हही टिकतं, पण परीक्षेच्या दिवसांत कॅसेट ड्रॉवरमध्ये गेली की परत काढल्यावर कोरी.

घणसोलीहून एक मुलगा अशी कॅसेट घेऊन आला होता. “काका, सेल तर नवाच आहे. मीटरवर तीन व्होल्ट दाखवतोय.” अरे बाबा, लिथियमचा सेल मरेपर्यंत तीनच्या आसपासच दाखवतो, शेवटी एकदम कोसळतो. नुसत्या व्होल्टवरून काही कळत नाही. बघायचं ते रॅम किती करंट पिते.

हिशेब करून बघा. सीआर२०२५ सेलमध्ये साधारण १६५ मिलिअँपिअर-तास असतात. मूळ कॅसेटमधली कमी खाणारी एसरॅम नुसती पडून असताना साधारण १ मायक्रोअँपिअर घेते असं धरलं तर १,६५,००० तास, म्हणजे अठरा वर्षांच्या वर. म्हणूनच नव्वदच्या दशकातल्या कित्येक कॅसेटचं सेव्ह अजून जिवंत सापडतं. पण बाजारात ६२२५६ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या चिपच्या जाती वेगवेगळ्या आहेत. नावाच्या शेवटी एलएल असलेली कमी खाते. नुसत्या एलवालीला डेटाशीटमध्येच, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच, १०० मायक्रोअँपिअरपर्यंत सूट असू शकते. १०० ने भागा: १,६५० तास, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिने. सेल चांगला, सोल्डर चांगलं, चिप चालू, आणि तरी दर दोन महिन्यांनी सेव्ह गायब. सीआर१६१६ असेल तर त्यात क्षमता जवळपास तिसराच हिस्सा, म्हणजे तीन आठवडे.

मोजायचं असं. सेलचा प्लस सोडवा आणि तो बोर्डाला १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. दर १० मिलिव्होल्टला १ मायक्रोअँपिअर. मीटरची मायक्रोअँपिअरची रेंज वापरण्यापेक्षा हे बरं, कारण स्वस्त मीटरचा फ्यूज आधीच उडालेला असतो आणि ते आपल्याला त्याच वेळी कळतं. १० ते ३० मिलिव्होल्ट आले तर निवांत झोपा. २०० च्या वर आले तर सेल वर्षभरही टिकणार नाही.

घणसोलीच्या कॅसेटमध्ये साधारण ३०० मिलिव्होल्ट होते आणि चिप चक्क एलएलच होती. मग करंट जातो कुठे? भिंगाखाली बघितलं तर सेलच्या टॅबजवळ (सेल बोर्डाला जोडणाऱ्या पट्टीजवळ) आणि वॉचमन चिपच्या पायांत सोल्डर करताना लावतात तो पिवळसर चिकट फ्लक्स तसाच होता, डबीतली पेस्ट भरपूर लावून केलेलं काम. उन्हाळ्यात असली पेस्ट गप्प बसते. जुलैत हवा दमट झाली की ती पाणी ओढते आणि दोन पायांमध्ये १०० किलोओहमची वाट तयार होते. ३ व्होल्टला १०० किलोओहम म्हणजे ३० मायक्रोअँपिअर, म्हणजे सेलचं आयुष्य साडेसात महिने. अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, हेअर ड्रायरने वाळवला, पुन्हा मोजलं तर आकडा १५ मिलिव्होल्टवर. चिप तीच, सेलही तोच.

सेलवर थेट सोल्डर मारू नका, टॅब स्पॉट-वेल्ड केलेलाच सेल घ्या. गरम झालेला सेल आतून मरतो, आणि कधी फुटतोही. जुन्या सेलवर जो नंबर असेल तोच टाका. सीआर२०३२ ची जाडी ३.२ मिमी असते, २०२५ ची २.५. जाड सेल कोंबला की कॅसेटचं झाकण बोर्डाला वाकवतं, आणि वाकलेल्या बोर्डाचे चाळे पुढे आहेतच.

गेलेलं परत येतं

हे सगळ्यांत मजेशीर, आणि एकदा ओळखलं की सगळ्यांत सोपं. कळव्याहून आलेल्या एका कॅसेटच्या मालकाने शपथेवर सांगितलं की सेव्ह गेलं म्हणून त्याने गेम पहिल्यापासून सुरू केला, आणि चार दिवसांनी जुनं सेव्ह जसंच्या तसं हजर. नवं गायब. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. वेडा नव्हता तो. त्याच्या कॅसेटमध्ये दोन्ही सेव्ह एकाच वेळी होती.

गेम ८ केबीच्या सेव्हचा होता आणि त्यात कोणीतरी ३२ केबीची एफआरॅम बसवली होती, एफएम१८डब्ल्यू०८. हे सर्रास करतात, कारण ३२ केबीची सहज मिळते. दोन्ही चिपना २८ पाय, दिसायला सारख्या, बसतातही. फरक दोनच पायांचा. ८ केबीच्या ६२६४ जातीच्या एसरॅमवर १ नंबरची पिन रिकामी असते आणि २६ नंबरची पिन दुसरं चिप-सिलेक्ट, म्हणजे चिपला जागं करणारी पिन, असते. ३२ केबीच्या चिपवर त्याच जागी १ नंबरला ए१४ आणि २६ नंबरला ए१३ या पत्त्याच्या लाइन असतात. ८ केबीच्या बोर्डावर १ नंबरचा पॅड कशालाच जोडलेला नसेल तर ए१४ लोंबकळत राहते. लोंबकळणारी पिन आजूबाजूच्या लाइनींतून, हवेतून, तुमच्या बोटातून जे उचलेल ते मानते. कधी शून्य, कधी एक. म्हणजे गेमला कधी एक ८ केबीची खोली मिळते, कधी दुसरी. पहिल्या खोलीत जुनं सेव्ह, दुसऱ्या खोलीत नवं.

इलाज म्हणजे केसासारख्या एनॅमल वायरचा तुकडा. १ नंबरची पिन शेजारच्या रांगेतल्या, अगदी समोरच्या २८ नंबरच्या पिनला, म्हणजे पुरवठ्याला जोडा. ग्राउंडला, म्हणजे १४ नंबरला जोडली तरी चालतं, फक्त वायर लांब पडते. त्याआधी मीटर बझरवर (दोन टोकांत जोड असला की वाजतो त्यावर) ठेवून १ नंबरचा पॅड बोर्डावर खरंच कुठे जात नाही याची खात्री करा. काही बोर्ड दोन्ही मापांच्या रॅमसाठी बनवलेले असतात आणि तिथे ती पिन एमबीसीकडे जाते. तिथे वायर लावाल तर एमबीसीच्या आउटपुटला पुरवठ्यावर शॉर्ट कराल. वायर लावायच्या आधी दोन्ही खोल्यांतली सेव्ह रीडरने काढून घ्या. कळव्याच्या त्या मुलाला दोन्ही मिळाली, आणि घरच्यांसमोर मान ताठ करायला ती पुरली.

गेमला किती रॅम लागते हे अंदाजाने ठरवू नका. रॉमच्या हेडरमध्ये ०१४९ या हेक्स पत्त्यावर लिहिलेलं असतं: ०२ म्हणजे ८ केबी, ०३ म्हणजे ३२ केबी. रीडरचा प्रोग्राम ते स्वतःच दाखवतो. १९९३ चा झेल्डा लिंक्स अवेकनिंग ८ केबीचा, पोकेमॉन रेड-ब्लू ३२ केबीचा.

थोडंच जातं

पोकेमॉन रेड-ब्लूच्या बाबतीत ही तक्रार ठरलेली. गेम सुरू होतो, बॅज आहेत, हातातले सहा पोकेमॉन आहेत, पण पीसीच्या बॉक्समध्ये ठेवलेल्यांचा खिमा झालाय. किंवा बॉक्स बदलला की पुढच्या वेळी ‘द फाइल डेटा इज डिस्ट्रॉइड’.

या गेमची ३२ केबी रॅम ८ केबीच्या चार बँकांत वाटलेली आहे. ० नंबरच्या बँकेत चित्रं उलगडायची तात्पुरती जागा, १ मध्ये मुख्य सेव्ह, २ मध्ये बॉक्स एक ते सहा, ३ मध्ये बॉक्स सात ते बारा. कुठली बँक हे ठरतं फक्त ए१३ आणि ए१४ या दोन लाइनींवर. समजा ए१४ ची पिन पॅडवर नीट टेकली नाही आणि शून्यावरच अडकली. मग बँक २ लिहायला गेलं की ते बँक ० मध्ये जातं, जिथे गेम सतत चित्रं उलगडत असतो. बॉक्स एक ते सहाचा खिमा. बँक ३ लिहायला गेलं की ते थेट बँक १ वर, म्हणजे मुख्य सेव्हच्या डोक्यावर. आणि ए१३ अडकली तर मुख्य सेव्ह चित्रांच्या जागेत जातं आणि पहिल्याच लढाईत संपतं. कोणत्या बॉक्सने गेम मारला एवढं मालकाला आठवत असेल तर कुठल्या पिनला भिंग लावायचं ते ठरलं.

पण पिन टेकत का नाही? कारण एफएम१८डब्ल्यू०८ अंगाने मूळ एसरॅमपेक्षा अरुंद असते. बऱ्याच जुन्या बोर्डांवर तिचे पाय पॅडच्या आतल्या कडेला जेमतेम पोचतात. चिप जरा एका बाजूला सरकली की एका रांगेचे पाय मजेत बसतात आणि दुसऱ्या रांगेचे हवेत राहून त्यांच्याखाली सोल्डरचा फुगा तयार होतो. वरून बघितलं तर चकचकीत सांधा, आतून ड्राय सोल्डर. टेबलावर कंटिन्युइटी बघताना मीटरची टोकं आपणच पायावर दाबतो, पाय टेकतो, बझर वाजतो. कॅसेट गेमबॉयमध्ये खुपसली की बोर्ड किंचित वाकतो आणि पाय सुटतो.

म्हणून तपासताना मीटरचं टोक पायाच्या टोकावर नाही, पाय चिपच्या अंगातून जिथे बाहेर येतो तिथे हलकेच टेकवा, आणि दुसरं टोक एमबीसीच्या पिनवर. दुसऱ्या हाताने बोर्डाची कड जरा वाकवा. बझर तुटला की सापडला. चिप बसवताना आधी ती पॅडांच्या बरोबर मधोमध आणा, कोपऱ्यातले दोन पाय अडकवा, भिंगातून दोन्ही रांगा बघा आणि मगच बाकीचे. भरपूर फ्लक्स, बारीक टोकाचं आयर्न, आणि नंतर अल्कोहोल. हॉट एअर गनने जमेल, पण शेजारच्या सेलकडे लक्ष ठेवा. तो आधी काढूनच ठेवलेला बरा.

बंद करतानाच जातं

आता वॉचमन. एफआरॅमला सेल लागत नाही, हे खरं. मग लोक सेल काढतात, आणि त्याबरोबर वॉचमन चिपही काढून तिच्या पॅडवर जम्पर मारतात. “आता तिचं कामच काय?” इथेच फसगत आहे. सेल सांभाळणं हे तिचं अर्धं काम. गेट बंद करणं हे उरलेलं अर्धं, आणि एफआरॅमला त्याची गरज एसरॅमइतकीच आहे, किंबहुना जास्त.

एफएम१८डब्ल्यू०८ ही २.७ ते ५.५ व्होल्टवर चालते. खरेदी करताना ही जमेची बाजू वाटते. पण बंद होताना बघा काय होतं: ५ व्होल्टवर चालायला बनवलेला प्रोसेसर पुरवठा घसरताना बावचळतो, आणि एफआरॅम २.७ व्होल्टपर्यंत तल्लखपणे त्याचं प्रत्येक वेडंवाकडं फर्मान लिहून घेते. आणि ते लिहिलेलं कायमचं. शिवाय एफआरॅममध्ये वाचणंही निरुपद्रवी नसतं. वाचताना आतला बिट पुसला जातो आणि चिप तो लगेच परत लिहिते. परत लिहायच्या आधीच पुरवठा मर्यादेखाली गेला तर नुसत्या वाचण्यानेही बाइट बिघडू शकतो. उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की पुरवठा मर्यादेबाहेर असताना चिपला कोणी हात लावू नये याची काळजी वापरणाऱ्याने घ्यायची आहे, आणि चिप-एनेबलची पिन (चिप-सिलेक्टचंच दुसरं नाव, इथे २० नंबर) पुरवठ्याबरोबर वर-खाली जाईल अशी वर ओढून ठेवावी.

तेव्हा एफआरॅम बसवताना फक्त सेल काढा, वॉचमन चिप जागेवर राहू द्या. कोणी आधीच काढली असेल तर जुन्या, मेलेल्या, स्वस्त सेव्हवाल्या कॅसेटमधून तीच चिप काढून परत बसवा. वर २० नंबरच्या पिनपासून २८ पर्यंत १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, आणि २८ ते १४ मध्ये, शक्य तितका चिपच्या जवळ, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर. हे तीन बारके भाग म्हणजे या दुखण्यावरचा माझा नेहमीचा उतारा.

८ केबीच्या काही बोर्डांवर मात्र एक खोडा आहे. तिथे वॉचमन चिप गेट बंद करते ते २६ नंबरच्या, दुसऱ्या चिप-सिलेक्टमधून. ८ केबीच्या एफआरॅमवर, एफएम१६डब्ल्यू०८ वर, २६ नंबरची पिन आत कुठेच जोडलेली नाही. म्हणजे वॉचमन कुलूप लावतोय पण दाराला कडीच नाही. बोर्डावर २६ चा पॅड २८ शी बझर वाजवत असेल तर चिंता नाही, तिथे संरक्षण दुसऱ्या वाटेने, २० नंबरमधूनच येतंय. वाजत नसेल तर लॉजिक गेट घालून दोन्ही सिग्नल एकत्र करण्याचा उद्योग करता येतो. मी करत नाही. अशा बोर्डावर मी मूळ एसरॅम ठेवतो, चांगला टॅबवाला सेल टाकतो, बोर्ड स्वच्छ धुतो आणि पुढच्या पंधरा वर्षांसाठी मोकळा होतो. प्रत्येक कॅसेटला एफआरॅम लावलीच पाहिजे हा हट्ट मला कळत नाही. लावून उगाच मान डोलावणारे पुष्कळ आहेत.

एफआरॅमचा आणखी एक स्वभाव: ती पत्ता वाचते तो चिप-एनेबल खाली येताना. ते खालीच धरून नुसता पत्ता बदलला तर तिला पत्ता बदललेला कळत नाही. गेमबॉयवर याचा त्रास सहसा होत नाही. दुसऱ्या कन्सोलच्या कॅसेटवर हीच चिप लावणार असाल तर तिथल्या चिप-एनेबलचा सिग्नल दर वेळी वर-खाली होतो का ते आधी बघा, नाहीतर पहिल्या मिनिटापासूनच कचरा दिसेल.

दुरुस्तीनंतर खात्री करायची ती सेव्ह करून, गेम चालू असताना वेगवेगळ्या क्षणी बटण बंद करून. मेनूत असताना, चालताना, लढाईत. मग रीडरने प्रत काढून आधीच्या प्रतीशी बाइट-बाइट ताडून बघा. नुसतं ‘कंटिन्यू’ दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

चिप खोटीच निघाली तर

असंही होतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या एफआरॅममध्ये जुन्या बोर्डांतून उपटलेल्या आणि नवं नाव छापलेल्या चिप असतात. वरची छपाई अल्कोहोलने पुसली गेली तर संशय घ्या. कधी ती साधी एसरॅमच असते. बसवल्यावर रीडरने लिहिलं आणि लगेच वाचलं तर बरोबर येतं, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर एसरॅमही थोडा वेळ तग धरते. म्हणून लिहून रात्रभर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि सकाळी वाचा. लिहायचा मजकूर सगळीकडे एकच नको. प्रत्येक पत्त्यावर त्या पत्त्यावरून काढलेला आकडा लिहा, म्हणजे ८ केबीची चिप ३२ म्हणून विकली असेल तर मजकूर दर ८ केबीला पुन्हा येताना दिसेल.

एफएम२८व्ही०२० आणि एमबी८५आर२५६एफ यासुद्धा ३२ केबीच्या एफआरॅमच आहेत, पण ३.६ व्होल्टपर्यंतच्या. गेमबॉयच्या कॅसेटला ५ व्होल्ट येतात. काहीजण लावतात आणि काही दिवस चालतेही. माझ्याकडे आणू नका.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गावर, ६२२५६ मागितली की बहुतेक दुकानदार लांब पायांची डीआयपी हातात ठेवतात. “एसएमडी, २८ पिन, एलएल” असं स्पष्ट सांगा (एसएमडी म्हणजे बोर्डावर सपाट बसणारी), आणि आपल्या बोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये मापाच्या पट्टीसकट घेऊन जा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडपर्यंत जायचं आणि चुकीच्या मापाची चिप घेऊन परत यायचं, याच्यासारखा वैताग नाही. टॅबवाला सेल, १० के, १०४ आणि एनॅमल वायर एकाच फेरीत उरकतं.

पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर किंवा क्रिस्टल असेल तर वेगळं सांगायला हवं. त्यातल्या एमबीसी३ ला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावलेला असतो आणि गेममधलं घड्याळ कॅसेट बंद असतानाही त्याच सेलवर चालतं. एफआरॅम लावून सेव्ह वाचवता येईल, पण सेल काढलात तर दिवस-रात्रीचं गणित प्रत्येक वेळी बिघडणार. या कॅसेटमध्ये सेल ठेवायचाच, एफआरॅम असो वा नसो. घड्याळामुळे तो लवकर संपतो, तेव्हा इथे सीआर२०२५ च हवा आणि बोर्ड धुतलेला हवा.